बायकोचा खांब

आमच्या घरात मिलिमीटरवरून भांडणं होतात. जमीन किती खचली, किती वर आली, हे मोजणं बायकोची नोकरी. भिंतीवरचा फोटो जरासा कलला तरी ती ताटावरून उठते. टेकडीच्या उतारावर बावीस वर्षांपूर्वी तिने स्वतः उभं राहून एक काँक्रीटचा खांब ओतून घेतला. त्याच्या डोक्यावर जीपीएसची थाळी आहे; खालची जमीन हलली की ती सांगते. आमच्या मुलीपेक्षा खांब दोन वर्षांनी मोठा, आणि लाडही त्याचेच जास्त.

यंदा तो खाली जायला लागला. चार महिन्यांत चौदा मिलिमीटर! उतारावर बत्तीस घरं आहेत. तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी ती रिकामी करायची नोटीस काढली. “बाईंचा खांब खोटं बोलणार नाही,” असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. लोकांनी भांडीकुंडी बांधायला घेतली. बायकोचं जेवणातलं लक्ष उडालं.

“उपग्रहाचं रडार दर बारा दिवसांनी वरून जातं,” ती म्हणाली. “छपरं किती वरखाली झाली ते त्यात कळतं. एकही घर हललेलं नाही.”

“रडार चुकत असेल.”

“बत्तीसही घरांचं?”

“मग तुझा खांब चुकतोय.”

तिने असं काही बघितलं की मी मुकाट्याने भांडी घासायला गेलो.

पण शंका तिच्याही मनात होतीच. उतारावरच राहणाऱ्या निवृत्त मास्तरांच्या अंगणात, खांबापासून वीस पावलांवर, उघड्या कातळावर तिने दुसरं जीपीएस बसवलं. तीन आठवड्यांत कातळ जागचा हलला नाही, खांब मात्र आणखी तीन मिलिमीटर खाली गेला. मग तिने खांबाच्या पायथ्याशी खणायला लावलं. फावडं अर्थात माझ्या हातात. खाली खडक नव्हताच. मातीत रुतलेला मोठा धोंडा होता, आणि शेजारच्या फुटक्या पाइपाने त्याखालच्या मातीचा चिखल केला होता. बावीस वर्षांपूर्वी पहार ठणकन वाजली, आणि खडक लागला असं समजून हिने काम थांबवलं होतं.

“पाइपावर ढकल की,” मी म्हणालो.

“पाइप आत्ता फुटला. धोंड्यावर खांब मी उभा केला.”

शनिवारी सभागृहात सगळा उतार जमला. ती पुढे जाऊन उभी राहिली. मला तिची दयाही येत होती आणि अभिमानही वाटत होता.

“तुमची घरं पक्की आहेत,” ती म्हणाली. “खांब कच्चा आहे. धोंड्याला मी खडक समजले. चूक माझी. बांधलेलं सामान सोडा.”

मग मास्तर उठून टाळ्या वाजवायला लागले, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. साहेबांनी तिथल्या तिथे नोटीस मागे घेतली. एका आजींनी तर बायकोला मिठीच मारली आणि रडून तिचा खांदा भिजवला.

लग्न झाल्यापासून मी तिच्या चुका दाखवतो आहे. मला आजवर एक टाळी मिळालेली नाही. तिने एकच चूक कबूल केली, आणि बत्तीस घरांनी तिला डोक्यावर घेतलं.