उलाळ गाडी

आवडाबाई भरल्या गाडीकडे एकदा बघायची आणि निकाल देऊन मोकळी व्हायची. मागच्या अंगाला वजन जास्त असलं तर म्हणायची, "उलाल हाय." पुढच्या अंगाला जास्त असलं तर म्हणायची, "धुरजड." तिसरा शब्द नाही. मलंगगडाच्या पायथ्याच्या त्या आगरी गावात भाताचे भारे असोत की विटा, बैलगाडी हलायची ती या बाईचं तोंड बघून. शिकली-सवरलेली माणसं त्या शब्दाला उलाळ म्हणतात. म्हणोत बापडी, त्यांना गाडी भरायची नसते.

उलाळ गाडी सपाटीवर गुमान चालते. चढ लागला की मागे कलते, दांडी वर जाते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं आणि गळ्यातला पट्टा आवळतो. आवडाबाईच्या माहेरचा एक बैल असाच गुदमरून मेला होता, तिच्या डोळ्यांदेखत. ती परकरात होती तेव्हा. गाडी भरताना तिला काहीतरी खुपलं होतं, पण मोठ्या माणसांत पोरीने तोंड कशाला घालायचं, म्हणून ती गप्प बसली होती. त्यानंतर ती कधी गप्प बसली नाही. सासरी आली तीसुद्धा नवऱ्याच्या गाडीला नावं ठेवतच.

उलाळ गाडीवर उपाय मात्र अगदी सोपा. कुणीतरी पुढे बसायचं. नव्या नवरीची गाडीतली पेंढ्याची रास बघून झाली की नवरा, पंढरी, म्हणायचा, "आवडे, पुढं बस." ती दांडीजवळ त्याच्याकडे तोंड करून बसायची आणि गाडी जागेवर यायची. पंढरीला लाडीगोडी कधी जमली नाही. बायकोला जवळ बोलवायचं तर त्याच्याकडे एवढं एकच वाक्य होतं. विहिरीवरच्या बाया तिला चिडवायच्या, की पंढरीची गाडी बायकोच्या वजनावर चालते. ती वरवर चिडायची आणि आतून सुखावायची.

पुढे गावाकडून कल्याण-डोंबिवलीकडे जाणारा रस्ता रुंद झाला, रस्त्याकडेच्या शेतांत टॉवर उभे राहिले, आणि बैल गेले. पंढरीने खालची जमीन दिली, वरचा डोंगरउतार मात्र ठेवला. तिथे त्यांचा मुलगा मितेश जन्मला त्या पावसाळ्यात नवरा-बायकोने लावलेला साग होता. गेल्या साली वादळ आलं आणि त्यातली चांगली जाडजूड झाडं मुळासकट आडवी करून गेलं. वनखात्याची परवानगी आली, झाडांचे ओंडके पाडले गेले, पण खाली आणायचे कसे? ट्रक ओढ्याशी थांबतो. ट्रॅक्टर बांधांमधल्या वाटेत मावत नाही. आणि पंढरीने तर गावभर सांगून ठेवलेलं, की मितेशच्या नव्या घराची चौकट आपल्या सागाचीच लागणार. पाऊस तोंडावर आला होता. आणखी एक पावसाळा तिथेच पडली तर लाकडं वाळवीच्या घशात जाणार होती.

मितेश डोंबिवलीच्या एमआयडीसीत सुपरवायझर. त्याने मोबाइलवर एक गाडी शोधून काढली. मोटारसायकलसारखं हँडल, तशीच बसायची सीट, पण खाली चार फुगीर चाकं. रिसॉर्टवर पाहुण्यांना फिरवायला ठेवतात तसली, फक्त ही ओझं ओढणारी. मग एका रविवारी पंढरी, आवडाबाई, मितेश आणि सून कृतिका असे चौघे ठाण्याला माजिवड्याच्या पुढच्या एका शोरूममध्ये गेले.

शोरूमचा सलिल बोलका पोरगा. त्याने दोन गाड्या दाखवल्या. एक लाल, हलकी, पळणारी. मितेशचा जीव तिच्यात अडकला. दुसरी राखाडी, जड, चारही चाकांना जोर असलेली, पुढे-मागे लोखंडी कॅरियर. मागच्या पटांगणात सलिलने लाल गाडीवर बसून एकदम रेस दिली, तशी तिची पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि परत टेकली. मितेश हसला. आवडाबाई दोन पावलं मागे सरली.

"गारी उलाल हाय," ती म्हणाली.

सलिलला काही कळलं नाही. पंढरीने त्याला समजावून सांगितलं आणि बायकोला दटावलं, "शुभ बोल गं जरा."

"मी बोलली म्हनून ती उलाल नाय झाली. ती हायच तशी."

"आई, मग ही राखाडी बघा," सलिल म्हणाला. "वजन खाली आहे हिचं. फक्त एक करायचं, ओंडका ओढताना दोरी नेहमी खालच्या हुकाला लावायची. मागच्या कॅरियरला कधीच नाही. मितेशभाऊ, हे लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

हे चौघांनीही ऐकलं. आवडाबाईने राखाडी गाडीभोवती एक फेरी मारली, पुढचं कॅरियर हाताने दाबून बघितलं. "हिच्या पुढं वजन ठेवता येल," ती म्हणाली. झालं, राखाडी ठरली. मितेशचं तोंड घरी येईपर्यंत उतरलेलं होतं.

गाडीपुढे नारळ फोडला तो नासका निघाला. कृतिका म्हणाली, "चांगलं असतं आई, नवस पावतो." आवडाबाई हो म्हणाली, पण खोबऱ्याचा तो वास दिवसभर तिच्या हाताला येत राहिला. साबणाने हात धुतले तरी गेला नाही.

पहिले काही दिवस मात्र दृष्ट लागण्यासारखे गेले. पंढरी सत्तरीला आलेला, पण गाडी त्याने अशी काही उचलली की मितेशला हँडल मिळेना. दोरी खालच्या हुकाला, ओंडका मागे, पंढरी सीटवर ताठ. लहान ओंडके भराभर अंगणात आले. शेजारीपाजारी बघायला येऊन गेले. मोठे तेवढे मागे राहिले होते, आणि त्यांच्या वाटेत ओढा होता. ओढ्याला तेव्हा पाणी नव्हतं, पण अलीकडची दरड छातीएवढ्या चढाची आणि माती भुसभुशीत.

त्या सकाळी आभाळ भरून आलेलं. वारा पडला होता, पान हलत नव्हतं. मितेशने सुट्टी टाकली होती. कृतिका चहाचा डबा घेऊन आली होती, तिच्याबरोबर आवडाबाईही आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सकाळपासून जिवाला थारा नव्हता म्हणून आली, एवढंच.

पहिला मोठा ओंडका ओढ्यात उतरला आणि दरडीला येऊन अडला. गाडी चढू बघायची, तसं ओंडक्याचं नाक मातीत घुसायचं. चाकं जागच्या जागी फिरत माती उडवत होती. दोनदा झालं, तीनदा झालं. इंजिन तापलं. पंढरीही तापला.

आवडाबाईला यातलं सगळं कळत होतं. निदान तिला तसं वाटलं. बैलांना ओंडके ओढताना बघण्यात तिने जन्म काढला होता. ओंडक्याने माती धरली की साखळी आखूड करून वर, जुवाला बांधायची. नाक उचललं की ओंडका सरसर येतो. बैल काय, गाडी काय, ओंडका तर तोच.

"नाक उचला त्याचं," ती म्हणाली. "दोरी आखूड करा नि वर बांधा."

"वर कुठं?" मितेशने विचारलं.

तिने मागच्या कॅरियरकडे बोट दाखवलं.

मितेश घुटमळला. "आई, तो सलिल नको बोललेला ना."

"तो ठान्याचा पोर. त्याने कवा ओंडका ओरलाय?"

"आवडी बोलली ना, मग बांध," पंढरी म्हणाला. "आजपावेतर तिचा शब्द खोटा गेला नाय."

हे खरं होतं. म्हणूनच मितेशने दोरी सोडली आणि वर बांधली. ओंडक्याचं नाक मातीतून सुटून वर आलं. आवडाबाईला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगलंच बरं वाटलं.

पंढरी सीटवर बसला, चढाकडे बघितलं, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, वळून तिला म्हणाला, "आवडे, पुढं बसतंस काय?"

तो मिश्कील हसत होता. कित्येक वर्षांत त्याने हे वाक्य म्हटलं नव्हतं. कृतिका तोंडाला पदर लावून खुदकन हसली. सुनेसमोर आवडाबाई लाजून चूर झाली.

"म्हातारचाळे पुरे," ती म्हणाली. "चला आता."

पंढरीने रेस दिली. ओंडका हलला, दरडीला लागला, पुन्हा कुठेतरी अडकला. दोरी ताणली. गाडीची पुढची चाकं सावकाश, अगदी सावकाश, जमिनीवरून उचलली गेली. माजिवड्याला बघितलेलं ते सारं आवडाबाईच्या डोळ्यांपुढे आलं, आणि माहेरचा बैलही आला. तोंडातून शब्द निघाला, "उलाल." पण तो सांगायला नव्हता, नुसता निघाला. चाकं टेकली नाहीत. गाडी मागे उलटून पंढरीच्या अंगावर आली.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलीस आले. आवडाबाईने त्यांना स्वच्छ सांगितलं, "दोरी वर बांधा म्हनून मी बोलली." त्यांनी ऐकून घेतलं आणि अपघात म्हणून नोंद केली. भाऊबंद म्हणाले, काळ आला होता, तू निमित्त. तिला फार राग आला त्याचा. कुणी तिच्यावर ओरडलं असतं तर तिला बसायला जागा तरी मिळाली असती. मितेशही ओरडला नाही. तो फक्त तिच्याकडे बघायचं टाळू लागला, आणि ते तिला दिसत होतं. नजर तिची अजून शाबूत होती.

पुढे बसायला बोलावल्याचं मात्र तिने कुणालाच सांगितलं नाही. मितेश तेव्हा मागे ओंडक्याशी होता. कृतिकाने ते ऐकलं होतं, पण तीही कधी बोलली नाही.

दिवसकार्य उरकलं. पहिल्या सरी येऊन गेल्या, ओढ्याला अजून पाणी लागलं नव्हतं. कृतिका म्हणत होती, गाडी विकून टाका. मितेशने ऐकलं नाही. बाबांची चौकट लागणारच, म्हणाला. गाडी दुरुस्त झाली. एका सकाळी त्याने दरडीवरची माती फोडून चढ कमी केला, दोरी खालच्या हुकाला बांधली, ओंडक्याच्या नाकाखाली गोल लाकडं सरकवली. आवडाबाई पलीकडे दगडावर बसून बघत होती.

कामात काही खोट नव्हती. तरी तो थांबला. बऱ्याच दिवसांनी त्याने तिच्याकडे नीट बघितलं.

"आई, बघ ना. बरोबर हाय काय?"

तिने बघितलं. दोरी बघितली, चाकं बघितली, चढ बघितला. धुरजड नव्हती, उलाळ नव्हती. एवढं सांगितलं असतं तर पुरलं असतं. तिने तोंड उघडलं, पण शब्द येईना. जो शब्द सांगेल तोच खोटा निघेल असं तिला वाटलं.

मग ती दगडावरून उठली. लुगड्याचा काष्टा आवळला, गाडीच्या पुढे आली आणि लोखंडी कॅरियरला धरून वर चढू लागली.

"आई, अगं गरज नाय त्याची," मितेश म्हणाला. "आणि तिथं बसायचं नसतं. पडशील."

ती चढून बसली. त्याच्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी लोखंड घट्ट धरून.

"हलू घे," ती म्हणाली.