दुपारची हुडहुडी

हे वाचून कुणाला पटावं असा माझा आग्रह नाही. मला स्वतःलाच अजून पटलेलं नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात आत्मा, भूत, पिंडदान यातलं काहीच आलं नाही. शाळेत मुलं भुताच्या गोष्टी सांगायची तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून बसायचो. माझी बायको सुनंदा तर माझ्यापेक्षा कडक. दारावर लिंबू-मिरची टांगलेली दिसली की म्हणायची, "त्यापेक्षा सरबत करून प्यायले असते."

आम्ही अंबरनाथ पूर्वेला, पालेगावातल्या एका नव्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो... राहायचो. आता मी एकटाच राहतो. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. सुनंदाच्या उजव्या मूत्रपिंडात मोठा खडा होता. त्यामुळे लघवीला वारंवार जंतुसंसर्ग व्हायचा आणि ताप नेहमी दुपारी चढायचा. आधी हुडहुडी — इतकी, की आमचा लोखंडी पलंग फरशीवर खडखडायचा. मी तिच्या पायांवर आडवा हात टाकून वजन द्यायचो. दातांवर दात वाजत असतानाही ती म्हणायची, "जोर लाव की... जेवला नाहीस का?"

उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पाठीला अगदी लहान छिद्र पाडतात आणि तेवढ्यातून खडा फोडून बाहेर काढतात. डॉक्टर तरुण, सरळ माणूस. अशा ऑपरेशननंतर कुणाला सूज येते, कुणाला संसर्ग होतो, यावरच त्यांचं संशोधन चालू होतं. लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आल्यावरच त्यांनी तारीख दिली होती. खडा पूर्ण निघाला. संध्याकाळी सुनंदाला हुडहुडी भरली, ती थांबलीच नाही. शुद्ध जाण्याआधी तिने विचारलं, "निघाला ना सगळा?" मी म्हटलं, निघाला. व्हेंटिलेटरवरून ती परत आली नाही.

नंतर डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "सर, जंतू खड्याच्या आत होते. तपासणीच्या वेळी लघवीत उतरले नव्हते, म्हणून रिपोर्ट स्वच्छ आला. खडा फुटला आणि ते रक्तात गेले. असं होऊ शकतं हे आम्हाला माहीत असतं. कुणाला होईल ते आधी ओळखता येत नाही... तेच शोधतोय." घरी येऊन मी या विषयावरचे मिळतील ते शोधनिबंध वाचून काढले. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं. बरोबर असून काय उपयोग.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, मी कॉलेजात जाऊ लागलो. आमच्या खालच्या मजल्यावर एक सिंधी आंटी राहतात, मूळच्या उल्हासनगरच्या. त्या मुलीच्या बाळंतपणाला इंदूरला गेल्या होत्या, त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. परत आल्यावर एका संध्याकाळी जिन्यात भेटल्या.

"सर, तुम्ही पण ना! बीवीला बुखारमध्ये टाकून कॉलेजला जाता?"

मला समजेना.

"दुपारी पलंग वाजतो ना वर. खडखड, खडखड. पहिले वाजायचा तसाच. मी बोलली मिस्टरला, मॅडमला परत थंडी भरली."

मी त्यांना सांगितलं. त्या तिथेच पायरीवर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण सर... आज पण वाजला."

दुपारी घराला कुलूप असतं. किल्ली माझ्याकडेच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पलंगाच्या खोलीत खुर्ची घेऊन बसलो. जेवणाची वेळ उलटून गेल्यावर पलंगाचे पाय फरशीवर वाजू लागले. आधी बारीक, मग जोरात, मग थकल्यासारखे. तिची हुडहुडी अशीच ओसरायची. शेजारी बांधकाम चालू आहे, म्हणून मी स्टुलावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवून पाहिला. पाणी हललं नाही. पलंगाच्या पायांखाली पुठ्ठे घातले. आवाज कमी झाला, थरथर तशीच.

बदलापूरला बेलवलीत माझी मोठी बहीण राहते. ती आली, तिनेही ऐकलं.

"आपण आत्मा मानत नाही रे," ती म्हणाली.

"मी मानत नाहीच, ताई. तू पलंगाला सांग."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. जाताना म्हणाली, "भंगारात देऊन टाक तो. रोज रोज काय ऐकत बसणार?"

मला भीती पलंगाची नव्हती. मेल्यावर माणसाचा त्रास संपतो, एवढा एकच आधार मला उरला होता. आणि इथे ती रोज दुपारी कापत होती. मी गोधड्या घातल्या. तिचे पाय जिथे असायचे तिथे हात टाकून वजन दिलं. हाताखाली नुसती गादी... आणि गादी थरथरतेय. ती होती तेव्हा निदान तापाची गोळी तरी देता यायची.

एका दुपारी वाटलं, हिला कुणी सांगितलेलंच नाही. 'निघाला' एवढं ऐकून ती गेली. मग पलंगाच्या कडेला बसून मी सगळं सांगितलं, वर्गात शिकवतो तसं, क्रमाने. खड्याच्या आत काय होतं, ते कसं सुटलं, डॉक्टरांनी काय काय केलं. शेवटी म्हटलं, "सुनंदा, ताप आता नाही. अंगच नाही तर ताप कुठून येणार? तू गेलीस."

पलंग थांबला. ओसरत ओसरत नाही — एकदम.

त्यानंतर तो वाजलेला नाही. आंटींनी विचारलं, "अब आराम है ना मॅडमला?" मी हो म्हटलं.

मी कुणाशी बोललो, ते मला सांगता येत नाही. माझ्या विचारांप्रमाणे तिथे कुणीच नव्हतं. नव्हतं, तर ऐकून थांबलं कोण? आणि होतं, तर मी तिला काय सांगून बसलो...

कॉलेजात मी दुपारचे तास सोडून सकाळचे मागून घेतलेत. जेवण झालं की त्या खोलीत जाऊन बसतो. तिला त्रास व्हावा असं मला कधीच वाटलं नाही. आणि रोज दुपारी मी तिला थंडी भरण्याची वाट बघतो.