चुकीच्या उत्तराला म्हैस

बी.एड. कॉलेजात दोन गोष्टी साठतच जातात, प्रॅक्टिकलच्या फायली आणि किस्से. फायली रद्दीत घालता येतात. किस्से कुणी नेत नाही. ते आपल्याच डोक्यात बसून राहतात आणि चहाच्या वेळेला बाहेर पडतात.

मी उमरग्यात एका बी.एड. कॉलेजात आयसीटी, म्हणजे वर्गात कॉम्प्युटर कसा वापरायचा ते, शिकवतो. उद्याचे शिक्षक आमच्याकडं तयार होतात. माझ्या विषयात त्यांना दोन कामं असतात. शाळेतल्या पोरांसाठी कॉम्प्युटरवर चित्रं, आवाज आणि प्रश्नोत्तरं असलेला एक पाठ बनवायचा, आणि वर्षभर स्वतःचा ब्लॉग लिहायचा. अभ्यासक्रमात हे दोन ओळींत उरकलंय. त्या ओळी लिहिणारा माणूस कुठं भेटला तर त्याला समोर बसवून हे सगळं ऐकवायचंय मला!

*

ब्लॉगचं आधी सांगतो. नुसतं लिहून भागत नाही, दुसऱ्यांच्या लिखाणावर प्रत्येकी दहा प्रतिक्रिया द्यायच्या असतात. त्यालाही गुण आहेत. झालं! आमचा मुजीब एकदा कॉम्प्युटरपुढं बसला आणि चहा थंड व्हायच्या आत सगळ्यांच्या ब्लॉगवर एकच वाक्य चिकटवून मोकळा झाला. "खूप छान! पुढील वाटचालीस शुभेच्छा!"

त्या आठवड्यात एका विद्यार्थ्यानं आपला अपघात लिहिला होता. येरमाळ्याजवळ मोटारसायकल घसरली, पाय दोन ठिकाणी मोडला, सहा आठवडे प्लास्टर.

खाली मुजीब. "खूप छान! पुढील वाटचालीस शुभेच्छा!"

मी त्याला बोलावून घेतलं. म्हटलं, "अरे, तू वाचतोस तरी का?"

"सर, खरं सांगू? न्हाय."

"त्या बिचाऱ्याला काय वाटलं असंल?"

"त्याला कायच वाटलं न्हाय, सर. बघा की."

बघितलं. पाय मोडलेल्यानं खाली उत्तर दिलं होतं, "मनःपूर्वक आभार! तुमचे असेच प्रेम राहू द्या!"

त्यानंही वाचलं नव्हतं.

*

नंतर विषय दिला, "माझा पहिला सराव पाठ". तपासायला बसलो. मुजीबचा ब्लॉग उघडला. पहिलंच वाक्य, "साडीच्या निऱ्या सावरत मी धडधडत्या छातीने वर्गात शिरले."

मुजीबला दाढी आहे.

पुढचा ब्लॉग उघडला, तिथंही निऱ्या. एकूण अकरा जणांनी निऱ्या सावरल्या होत्या, त्यातले सहा पुरुष! अकरांपैकी मूळच्या निऱ्या कुणाच्या हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. एवढं चांगलं मराठी आमच्या बॅचमध्ये एकच बाई लिहायची. महादेवीताई.

ह्या कर्नाटकाच्या शिवेवरच्या एका गावच्या. वय बत्तीस, दोन मुलं, घरी म्हशी. सासरे रोज मोटारसायकलवर आणून सोडायचे आणि न्यायला यायचे. घरात कानडी बोलायच्या, कॉलेजात मराठी, आणि दोन्ही भाषा सारख्याच ऐकू यायच्या नाहीत. त्या टेबलापलीकडं उभ्या राहून काही विचारायला लागल्या की मी उठून त्यांच्या बाजूला जायचो.

त्यामुळंच आदल्या वर्षी त्या वार्षिक पाठात, म्हणजे परीक्षकांसमोर वर्ग घ्यायच्या परीक्षेत, नापास झाल्या होत्या. परीक्षकांनी शेरा मारला होता, "आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही."

सासऱ्यांनी मला गेटापाशी गाठून सांगितलं होतं, "सर, पोरगी हुशार हाय, म्या न्हाय म्हनत न्हाय. पर ही शेवटची बारी. ह्या डावाला न्हाय जमलं तर बास. घरी म्हशीचं कोन बघायचं?"

बाई शेजारीच उभ्या होत्या. काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं नाही.

*

आमच्या प्राचार्यांचं मत असं की कागदावर नाही ते झालंच नाही. त्यांनी नोटीस काढली, सर्वांनी आपापला ब्लॉग छापून, स्पायरल बाइंडिंग करून जमा करावा. मी म्हटलं, "सर, ब्लॉगमध्ये व्हिडिओ आहेत."

"मग तेही छापा."

पोरांनी छापले! बाहेरून परीक्षक आले. मुजीबची फाईल चाळता चाळता म्हणाले, "यात व्हिडिओ लिहिलाय. कुठंय?"

मुजीब अदबीनं पुढं झाला. "सर, पान बारा ते पन्नास. जरा भराभर उलटा."

साहेबांनी अंगठ्यानं पानं सोडली. पानांतला मुजीब फळ्यापाशी गेला, वळला, खडू उचलला.

"परत एकदा," साहेब म्हणाले.

*

आता मल्टिमीडियाचं, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरच्या पाठाचं. महादेवीताईंना ह्या कामाचा लई आनंद झाला. आपला आवाज रेकॉर्ड करायचा आणि स्पीकर मोठा करायचा, मागच्या बाकाचा प्रश्नच मिटला! मलाही हायसं वाटलं. ही बाई आता पास होणार.

पाचवीसाठी "दिशा आणि नकाशा" हा पाठ ठरला. पडद्यावर प्रश्न, खाली चार उत्तरं. बरोबर उत्तराला टाळ्या. चुकीच्या उत्तराला काय, ते ठरायचं होतं.

रेकॉर्डिंगला शांत जागा पाहिजे. घरात टीव्ही, मुलं, सासूबाईंचा मिक्सर. शेवटी बाई भर दुपारी गोठ्यात जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी रडवेल्या होऊन माझ्याकडं आल्या.

"सर, मधीच चंद्री वरडली."

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. मी ऐकलं. बाईंचा नाजूक आवाज, "सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?" आणि मागून असा काही हंबरडा की माझ्या टेबलावरची टाचणी हलली.

मी म्हटलं, "काढू नका. चुकीच्या उत्तराला हेच लावा."

आजवर मल्टिमीडियाच्या क्षेत्रात मी दिलेलं योगदान एवढंच.

सरावासाठी आम्ही गावाबाहेरच्या एका शाळेत गेलो. पहिला प्रश्न आला. एका पोरानं चुकून "दक्षिण" सांगितलं आणि चंद्री हंबरली. वर्ग हसून हसून बाकाखाली! मग काय विचारता? पश्चिम! हंबरडा. उत्तर! हंबरडा. पुढच्या प्रश्नाला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. तास संपत आला तरी पोरांनी एकही बरोबर उत्तर दिलं नाही. सगळ्यांना सगळं येत होतं, त्याशिवाय इतकं बिनचूक चुकता येत नाही.

शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, चुकीची समदी संपली. आता बरोबर सांगू का?"

मी निरीक्षण वहीत लिहिलं, "विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम."

*

वार्षिक पाठाला तीच शाळा, तोच वर्ग. परीक्षक नवीन होते, पण फॉर्म जुनाच. त्यात एक रकाना, "आवाजाची स्पष्टता". ते सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले. सासरे मैदानाच्या पार त्या टोकाला, लिंबाखाली मोटारसायकल लावून थांबलेले. आज काय ते कळणार होतं.

पडद्यावर पाठाचं नाव आलं आणि लाईट गेली.

शाळेचा इन्व्हर्टर मुख्याध्यापकांच्या पंख्यापुरता. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी डोक्यावरच्या बंद पंख्याकडं बघितलं.

"मॅडम, फळ्यावर घ्या," परीक्षक म्हणाले.

बाईंनी खडू घेतला, नकाशा काढला, चार दिशा लिहिल्या. शिकवायला लागल्या. पहिलं बाक ऐकत होतं, दुसरं ओठ बघून समजून घेत होतं. मागून आवाज आला, "मॅडम, इथं काही ऐकू येत नाही." आणि परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

त्यांनी त्या रकान्यात काहीतरी लिहायला सुरुवात केली.

बाईंच्या कपाळावर घाम. त्यांनी कसंबसं विचारलं, "सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?"

ती पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. अगदी शांतपणे, दोन्ही हात मागं बांधून म्हणाली, "पश्चिमेला."

चाळीस पोरांनी स्पीकरकडं बघितलं. स्पीकर मुका. मग चाळीसच्या चाळीस पोरांनी बाईंकडं बघितलं. कुणी हलेना. मुलगीही खाली बसेना.

महादेवीताईंनी खडू टेबलावर ठेवला. पदर खोचला. डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला.

आणि हंबरल्या.

खिडकीच्या काचा थरथरल्या. शेजारच्या वर्गात चाललेले पाढे बंद पडले. परीक्षकांचं पेन हातातून सुटून घरंगळत पुढच्या बाकाखाली गेलं. मग पोरं अशी काही ओरडली की विचारू नका! त्या गोंधळात बाई डोळे उघडून त्याच आवाजात म्हणाल्या, "चूक! पुन्हा सांगा!"

परीक्षकांनी पेन शोधून आणलं आणि रकान्यातलं काहीतरी खोडलं.

तेवढ्यात दारात सासरे. मैदानभर पळत आलेले, धाप लागलेली, एक चप्पल मागंच कुठंतरी राहिलेली. त्यांनी वर्गभर नजर फिरवली, बाकांच्या खाली वाकून बघितलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाले,

"सर, आमची चंद्री दावं तोडून हितवर आली काय?"