पिस्टनवरचा ओरखडा

रविवार, १७ जानेवारी १९८८. हजर: मी, माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर, पालेगावचा एक भातशेतीवाला, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो, आणि उल्हासनगरचा पडद्यांच्या कापडाचा व्यापारी, आमच्यातला एकटा सिंधी, ज्याला आम्ही शेट म्हणायचो. गैरहजर: कोणी नाही. माणसं पाच, स्कूटर पाच. निघण्याची जागा अंबरनाथ पूर्वेला माझ्या इमारतीखाली, वेळ सकाळी सात. जायचं बदलापूरच्या पुढे नदीपर्यंत आणि परत.

ही नोंद माझ्या वहीतली आहे. कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो, त्यामुळे वहीशिवाय मला काही सुचत नसे. कोणाची गाडी किती किकमध्ये सुरू झाली, तेही मी लिहायचो. त्या दिवशी मास्तर दोन, दादा एक, मी दोन, शेट सहा, मेहुणा एक.

"सहा लिहू नको यार," शेट म्हणाला. "दोन तर मी फक्त पाय ठेवला होता."

"पाय ठेवला तरी किकच," मी म्हणालो आणि सहा लिहिलं.

आमच्या सगळ्या गाड्या वीस-वीस वर्षांच्या. लोक नव्या स्कूटरसाठी नंबर लावून बसत आणि आम्ही उल्हासनगरच्या भंगारातून जुने सांगाडे उचलून आणत असू. जुनी गाडी जोडण्यात फार प्रेम असतं, असं लोक समजतात. मला तरी त्यात मारहाण जास्त दिसली. गंजलेला बोल्ट हातोड्याने ठोकायचा, हलला नाही तर गॅसच्या दिव्याने तापवून लाल करायचा, तरी नाही हलला तर ड्रिलने त्याचं पोट फोडायचं. अडकलेला पिस्टन लाकडाचा ठोकळा लावून घणाने खाली घालवायचा. गाडीही मारते. पंच्याऐंशी साली किक उलटी आली आणि माझ्या नडगीचं हाड दिसलं. सात टाके पडले. तेही वहीत आहे.

मेहुणा त्या दिवशी जी चालवत होता, ती निळी-पांढरी गाडी मी दीड वर्ष खपून नुकती पूर्ण केली होती. आदल्या दिवशीच इंजिन जोडून बंद केलं होतं. सिलिंडर आतून घासून मोठा करायचं काम, ज्याला बोअरिंग म्हणतात, ते उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका म्हाताऱ्या सिंधी कारागिराने केलं होतं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते उजव्या हाताचा अंगठा सिलिंडरमध्ये घालायचे, डोळे मिटायचे आणि अंगठा हळूहळू फिरवायचे. मग माप सांगायचे. त्यानंतर मीटर लावायचे, तेही फक्त गिऱ्हाइकाचं समाधान म्हणून. मीटर आणि अंगठा यांच्यात फरक पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"शुरू में आराम से चलाना, साईं," सिलिंडर हातात देताना ते म्हणाले होते. "नया जूता है, काटेगा."

मेहुण्याला आराम माहीत नव्हता. वय चोवीस. कबड्डीत डाव्या कोपऱ्याला उभा राहायचा आणि चढाई करणाऱ्याचा घोटा असा धरायचा की समोरचा किंचाळायचा. त्या वर्षी त्याची जिल्ह्याच्या संघात निवड व्हायची होती.

बदलापूरच्या अलीकडच्या उतारावर तो आम्हा सगळ्यांच्या पुढे गेला. दादा ओरडला, "आरं, गारी नवी हाय, हलू!" त्याने मागे न बघता हात हलवला. मग त्याच्या इंजिनाचा आवाज मधेच तुटला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं, गाडी आडवी झाली आणि त्याला खाली घेऊन खडीवरून घासत गेली. पाय गाडी आणि मैलाच्या दगडामध्ये सापडला.

मी पोचलो तेव्हा मांडीचं हाड पँट फाडून बाहेर आलं होतं. पेट्रोल गळत होतं. मास्तरांनी कडेला जाऊन उलटी केली. दादाने डोक्याचा टॉवेल सोडून मांडीच्या वर आवळला, गुडघा लावून. मेहुणा त्याला शिव्या देत होता आणि मधेच विचारत होता, "भावजी, पाय आहे ना? बघून सांगा, आहे ना?"

विटांचा टेम्पो अडवला आणि त्याला उल्हासनगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रॉड टाकावा लागेल, पाय आखूड राहील. मी विचारलं, "कबड्डी?" ते पुढच्या खाटेकडे वळले.

बोअर घट्ट राहिला की पिस्टन अडकतो आणि चालतं इंजिन जाम होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. साडेअकराला आम्ही चौघे काकांच्या दुकानात शिरलो.

ते एकटेच होते. चहाचा ग्लास बाजूला ठेवत म्हणाले, "आओ साईं, कैसी चली?" मग माझा शर्ट दिसला. "ये खून किसका?"

मी कॉलर धरली. "किती टाइट ठेवलास बोअर? बोल!"

"टाइट? नहीं साईं. गॅप पूरा रखा है. दो बार देखा."

"पोराचा पाय मोरलाय!" दादा ओरडला. "चालती गारी जाम झाली. मंग कुनी केलं? देवानं?"

"गाडी खोली आपने?"

"काय खोलायची त्यात?"

"खोलो. पिस्टन लाके दिखाओ मुझे. पिस्टन देखे बगैर मैं क्या बोलूँ?"

शेट त्यांच्याशी सिंधीत काहीतरी बोलला. ते उत्तरात तेवढंच म्हणाले असावेत, कारण शेट आमच्याकडे वळून म्हणाला, "तो बोलतो, पिस्टन आणा. दुसरं काही बोलतच नाही."

"पिस्टन आणा म्हणतो!" मी म्हणालो, आणि मारलं.

पहिली थप्पड. चष्मा पडला, दादाच्या चपलेखाली गेला. मग त्यांच्याच टेबलावरचा लांब रिंग पाना माझ्या हातात आला. दोन फटके खांद्यावर बसले. तिसरा डोक्यावर जायचा होता. त्यांनी उजवा हात वर केला आणि तो अंगठ्यावर बसला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. चौथा कुठे बसला, मला आठवत नाही, पण चार होते. दादाने तयार सिलिंडरांची मांडणी ढकलून दिली. ओतीव लोखंड फरशीवर पडून तडकत होतं. मास्तर दारात उभे राहून बाहेर गल्लीत बघत होते. शेजारच्या दुकानात प्लायवूड कापणं चालू होतं, ते थांबलं नाही.

शेवटी शेटने मला मागून मिठी मारली. "बस कर यार, मर जाएगा."

काका लेथखाली बसले होते. डाव्या हाताने उजवा हात छातीशी धरून. ओठ फुटला होता. त्यांनी एवढंच म्हटलं, "दिखा तो देते."

पोलिसांत तक्रार झाली नाही. हात मशिनच्या पट्ट्यात सापडला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितल्याचं शेटकडून कळलं. आम्ही मात्र गप्प बसलो नाही. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत जिथे जिथे जुन्या गाड्यांचं काम निघे, तिथे आम्ही सांगितलं: त्या म्हाताऱ्याचा बोअर जाम होतो, माणूस मरेल. महिनाभरात त्यांच्या दारात स्कूटर दिसेनाशा झाल्या.

घरी बायकोने शर्ट भिजत घालताना विचारलं, "त्याला मारलंत ना?"

"हो."

"बरं केलंत."

दवाखान्यात मेहुण्याने विचारलं, "हात मोडला का, भावजी?"

"मोडला."

"उजवा?"

"उजवा."

त्याने डोळे मिटले. त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच नीट झोपला, असं सासूबाई म्हणाल्या.

गुरुवार, २८ जानेवारी. कारखान्याला सुट्टी टाकली आणि गॅलरीत गाडीचं इंजिन उघडलं. हजर: मी एकटा.

बोअर घट्ट असता तर पिस्टन चहूबाजूंनी घासला असता. तो तसा घासलेला नव्हता. फक्त डाव्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, नखाएवढा खोल एकच ओरखडा होता, आणि तसाच सिलिंडरच्या भिंतीत. पिस्टनमधून एक आडवी पिन जाते. ती बाहेर सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना खाचेत तारेची एकेक कडी बसवतात. त्याला लॉक म्हणतात. उजवं लॉक जागेवर होतं. डावीकडची खाच रिकामी होती. पिन तिथून बाहेर येऊन भिंत सोलत गेली होती आणि एका झटक्यात अडकली होती. लॉक तुटलं असतं तर तुकडे आत सापडले असते. मी इंजिन पालथं केलं, पेट्रोलने धुतलं, गाळून पाहिलं. तुकडा नाही.

पिस्टन मी बसवला होता. शनिवारी, याच गॅलरीत.

वही काढली. १६ जानेवारी: पिस्टन, बरोबर. रिंगा दोन, बरोबर. पिन, बरोबर. लॉक दोन, बरोबर. प्रत्येकापुढे टिक.

आता ती टिक कशी व्हायची ते सांगतो. स्टोअरमध्ये वस्तू खिडकीतून बाहेर गेली की मी टिक करत असे. ती पुढे कुठे बसवली, हे बघणं फिटरचं काम. घरीही माझी तीच सवय होती. डब्यातून वस्तू काढून वर्तमानपत्रावर मांडली की टिक. घरी फिटरही मीच होतो, हे वहीला माहीत नव्हतं. उजवं लॉक बसवलं तेवढ्यात मास्तर आले होते, उद्या सातलाच ना, असं विचारायला. मी उठलो, दारात बोललो, परत आलो, वहीत पाहिलं. लॉक दोन, बरोबर. सिलिंडर चढवला.

मी आत जाऊन बायकोला विचारलं, "तारेची एवढीशी कडी कुठे दिसली होती का?"

"ती? गॅलरीतला पेपर झटकताना निघाली. तुमच्या डब्यात टाकलीय की."

"कधी?"

"रविवारी सकाळी. तुम्ही सगळे गेलात त्यानंतर लगेच."

डब्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती: लॉक. आत एक होतं.

त्या दिवशी मी वहीत लिहिलं: काकांना पिस्टन दाखवणे. तोंडाने काही सांगायची गरज नव्हती. तो ओरखडा बघून कुठलाही कारागीर एका क्षणात ओळखेल की दोष बोअरचा नाही, बसवणाऱ्याचा आहे. पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळला, डब्यात ठेवला, वर चिठ्ठी लावली. गाडीला दुसरा सिलिंडर कल्याणहून करून आणला.

रविवारच्या फेऱ्या दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झाल्या. मेहुण्याचा पाय दीड इंच आखूड झाला. मैदानाच्या कडेला बसून तो मुलांना ओरडायचा, एकदा त्याने पंचाच्या कानाखाली मारली आणि तिथेही येणं बंद झालं. दर भाऊबीजेला तो आमच्याकडे जेवायला येतो. ओवाळून झालं की कधीतरी काकांचा विषय निघतोच.

"भावजी, तुम्ही होतात म्हणून निदान त्याचा हात तरी मोडला."

"जेव आता."

"दुसराही मोडायला हवा होता. मी चालू शकलो असतो ना, तर दोन्ही मोडले असते."

"ताटात बघ," बायको म्हणते. "सणासुदीला हाडं मोडू नकोस." सगळे हसतात. मी वाढतो.

चौऱ्याण्णव साली मास्तरांच्या गाडीचं काम निघालं. ज्या मापाचं हत्यार लागत होतं ते फक्त काकांकडे होतं. मास्तर जायला तयार नव्हते, म्हणून मी गेलो. पिस्टन नेला नव्हता.

त्यांनी मला लगेच ओळखलं. स्टूल पुढे केलं. उजवा अंगठा बाहेरच्या बाजूला वळून ताठ राहिला होता. त्यांनी सिलिंडर उचलला आणि डावा अंगठा आत घातला.

"ये वाला अभी सीख रहा है," ते म्हणाले. "छह साल हो गए, ढीठ है."

त्यांनी अंगठा फिरवला, मीटर लावलं, पुन्हा अंगठा, पुन्हा मीटर. तीनदा. पूर्वी एकदाही लागत नसे.

"साईं, एक बात पूछूँ? वो पिस्टन फेंक दिया?"

"हो. तेव्हाच फेकला."

"अच्छा." ते सिलिंडर पुसत राहिले. "मैं बहुत सोचता हूँ. गॅप तो पूरा रखा था. फिर भी जाम हुई, तो मेरे हाथ से कुछ तो हुआ होगा. क्या हुआ, वही समझ में नहीं आता. तब से तीन बार देखता हूँ." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कहीं पड़ा मिल जाए तो ले आना. गुस्सा नहीं है. सिर्फ देखना है."

मी बरं म्हणालो.

सत्त्याण्णवमध्ये एकदा मी पिस्टन डिकीत ठेवून कॅम्प चारपर्यंत गेलो. ते दारात उभे होते, एक सिलिंडर उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आत बघत होते. मी गिअर बदलला आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडलो.

टिक करण्याची पद्धत मी केव्हाच बदलली. आता काम पुरं झाल्यावरच टिक. दर जानेवारीत नवी वही घेतो, जुन्या वहीतली उरलेली कामं पहिल्या पानावर उतरवतो. या वर्षी नऊ होती. डिकीचं कुलूप, मास्तरांची क्लच केबल, गॅलरीतला नळ वगैरे आठ झाली. पहिल्या ओळीवर आहे: काकांना पिस्टन दाखवणे. डबा वरच्या फळीवर डावीकडे आहे. ते अजून दुकानात बसतात, शेटला परवाच विचारलं.