नाते नसल्याचा जबाब

तिच्या भावाने तिला आमच्या खोलीतून केस धरून बाहेर ओढलं, तेव्हा मी स्टोव्हवर भात टाकला होता. गल्लीतली माणसं जमली म्हणून त्याने हात सोडला. जाताना म्हणाला, "म्होरल्या खेपेला जित्ती सोडनार न्हाय."

ती नर्स, मूळची मैंदर्गीची. मी बार्शीची, प्राथमिक शाळेत बाई. सत्तरच्या दशकात सोलापुरात आम्ही चार वर्षं एका खोलीत राहिलो, आणि नवरा-बायको राहतात तशाच राहिलो. भावाला ते कळलं होतं.

त्या काळी परदेशातल्या इस्पितळांना नर्सा हव्या असत. तिला बोलावणं आलं. आधी ती जाईल, मग मला बोलावेल, असं ठरलं. पासपोर्टसाठी फक्त पोलिसांची चौकशी राहिली होती.

हवालदार आला तेव्हा आम्ही दोघी कामावर होतो. घरमालकीण कानडी, जीव लावणारी बाई. दोन परक्या बायकांना खोली कोण देतं, म्हणून आम्ही मावसबहिणी असल्याची थाप तिला मारली होती. तिने हवालदाराला चहा पाजला, शेंगापोळी खायला घातली आणि आमच्या भल्यासाठी त्या नात्याला परस्पर बढती दिली. "सख्ख्या बहिणी हायेत की साहेब! एका ताटात जेवत्यात. लई गुणाच्या पोरी."

पण पासपोर्टच्या अर्जात हिने आपल्याला बहीण नाही असं लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी आम्हाला चौकीवर बोलावलं.

"आडनावं दोन, गावं दोन, मग बहिणी कशा?" फौजदाराने मला विचारलं. "कोण लागते ही तुमची?"

मी तापट. हेडमास्तरांनाही उलट उत्तर द्यायची. तिथे मात्र मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती बाकावर बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढून, कारण भावाने उपटलेल्या केसांची जागा अजून भरली नव्हती. त्या पदराकडे बघून मी म्हणाले, "कुणी नाही."

"लिहून द्या."

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. सदर बाईशी माझा कसलाही संबंध नाही. सोयीपुरत्या एका खोलीत राहतो. माझं अक्षर वळणदार, त्याने त्याचं कौतुक केलं. त्या कौतुकाची मला अजून शिसारी येते. शिक्का मारलेली कार्बनची प्रत त्याने माझ्या हातात ठेवली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "शुद्धलेखनाची एक चूक नाही हं, बाई." मग आम्ही रस्त्यातच रडलो.

पासपोर्ट आला. स्टेशनवर निरोप देताना मी तिला हातही लावला नाही.

मला बोलावणं तिला वाटलं तेवढं सोपं नव्हतं, त्यात वर्षं गेली. इकडे तिच्या भावाने शाळेत येऊन तमाशा केला, माझी नोकरी गेली, माहेरचं दार बंद झालं. रस्त्यात तो दिसला की मी गल्ली बदलायची. शेवटी मी पाहुणी म्हणून तिच्या देशात उतरले आणि तिथे आश्रय मागितला.

तिथले अधिकारी सभ्य होते, पण त्यांना आमच्या नात्याचा पुरावा हवा होता. पत्रं आम्ही वाचून जाळायचो. जोडीने फोटो कधी काढला नाही. दोघींची नावं असलेला एकच कागद माझ्याजवळ होता, चौकीतली ती कार्बनची प्रत. "तो देऊ नकोस, सगळं बुडेल," ती म्हणत होती. तरी मी दिला.

दुभाष्याने तो सगळा वाचून दाखवला. अधिकाऱ्याने विचारलं, सही तुमचीच का?

"हो."

मजकूर खरा आहे?

"धादांत खोटा आहे."

अधिकाऱ्याने तो कागद बाजूला ठेवला. मग त्याने काहीतरी विचारलं आणि दुभाष्याने ते मराठीत केलं. "कोण लागते ही तुमची?"

ती बाहेर बाकावर बसली होती. डोक्यावर पदर नव्हता, केस बरेच पिकले होते. दार अर्धवट उघडं होतं. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणाले, "बायको."