डोक्यावरचं कलिंगड

आमच्या संघाचा रंग हिरवा, म्हणून फुटबॉलच्या सामन्याला इथले लोक पोखरलेलं कलिंगड टोपीसारखं घालून येतात. मी कॅनडात नवा असताना माझ्या डोक्यावर पहिलं कलिंगड चढवलं ते शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या वॉल्टरनं. चेंडू हातात घेऊन पळायच्या या इथल्या कॅनडियन फुटबॉलचे नियमही त्यानंच शिकवले.

परवा मध्यंतरात विषय निघाला, की लीग आता देशोदेशीचे खेळाडू आणणार. पुढच्या रांगेतली मुलगी म्हणाली, "छानच की! खेळ जगभर पोचेल."

वॉल्टर उसळला. "खेळ आपला आहे. बाहेरचे कशाला हवेत?" मग माझ्याकडे वळून घाईघाईनं म्हणाला, "तुला नाही हं म्हणत. तू आपलाच."

इतक्या वर्षांत हे बोलून दाखवायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

त्याच्या कानामागून गुलाबी रस ओघळत होता. इथल्या थंडीत कलिंगडं कुठली पिकायला? तीही दूर दक्षिणेतून ट्रकमधून येतात. हे ओठांवर आलं होतं, पण मी नुसता रुमाल पुढे केला.

खेळ पुन्हा सुरू झाला. आम्ही दोघंही घसा फोडून ओरडलो. माझं कलिंगड मात्र मी काढून मांडीवर घेतलं होतं.