बॅरल सरळ होती

टण्ण! आमच्या शाळेत घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असे. शिपाई तो हातोडीने वाजवी आणि आमची कविता अर्ध्या ओळीवर थांबे. तो आवाज पन्नास वर्षांनी मला सिंगापुरात ऐकू आला. नेमबाजी क्लबच्या दुरुस्तीच्या खोलीत एक गृहस्थ रायफलची सुटी बॅरल दोरीला टांगून लाकडी दांडीने हलकेच वाजवत होते. मी दारातच थबकलो. "आत या," ते मराठीत म्हणाले, "घंटा झाली." हीच माधवरावांची आणि माझी पहिली भेट.

माधवराव कारखान्यातून टूलमेकर म्हणून निवृत्त झालेले. दर शनिवारी ते बिशान भागातल्या आपल्या घरून येत आणि सभासदांच्या रायफली विनामूल्य नीट करून देत. सार्सची साथ ओसरली त्या वर्षी माझ्या खास बनवून घेतलेल्या रायफलची बॅरल झिजली. नवी निवडायला मी त्यांच्याकडे गेलो. माझा जीव जडला होता एका लांब, सडपातळ, निळसर झाक असलेल्या बॅरलवर.

"नाना, बॅरल निवडताय की सून?"

"दिसते बघा कशी! कवितेच्या ओळीसारखी."

"तुमच्या दस्त्याची खाच कोरलीय जाड बॅरलसाठी. त्यात ही म्हणजे बापाच्या चपलेत पोराचा पाय. आणि तुम्ही लागोपाठ साठ गोळ्या झाडणार. पातळ बॅरल तापली की भरकटते, तुमच्यासारखी."

अखेर जाड, बुटकी, अनाकर्षक अशी बॅरल ठरली. तीन शनिवार खपून त्यांनी ती बसवली. पहिल्याच दिवशी पाच गोळ्यांची भोके एका नाण्याखाली झाकली गेली. मी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. माधवराव आपली हत्यारे पुसत होते.

इथपर्यंत लिहायला सोपे होते.

बॅरल मागच्या बाजूने साफ करायची, हे त्यांनी मला दोनदा सांगितले होते. मी मात्र शाळेतल्या कविता गुणगुणत, तंद्रीत, पुढच्या तोंडातूनच लोखंडी सळई घालत असे. दोन महिन्यांत गोळ्या इकडेतिकडे जाऊ लागल्या. माधवरावांनी भिंगातून बॅरलचे तोंड पाहिले. बराच वेळ पाहिले.

"नाना, पुढून साफ करता का?"

"छे! कधीच नाही."

त्यांनी भिंग डब्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी समितीच्या बैठकीत मी उभा राहून म्हणालो, "बसवण्यातच चूक झाली आहे. वयामुळे हात थरथरत असावा." सर्वांनी माधवरावांकडे पाहिले. ते एवढेच म्हणाले, "असेल." आणि खोलीची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेले. आठवड्याने त्यांचाच फोन आला. "बॅरलचं तोंड पाव इंच कापून घ्या. आतून सरळ आहे ती. चांगली चालेल."

नव्या दुरुस्तीवाल्याने तोंड कापताना मला त्यावरचा ओरखडा दाखवला आणि अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाला, "अंकल, हे सळईचं काम लाह! पुढून कोण घालतं?" मी कोणालाच काही सांगितले नाही. रायफल पुन्हा नेम धरू लागली. मी चार वर्षे तिच्या जोरावर बक्षिसे मिळवली आणि माधवराव त्या खोलीत परत आले नाहीत.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या ज्या गौरवग्रंथासाठी मी हे लिहितो आहे, त्यात सगळे त्यांच्या हातांबद्दल लिहितील. म्हणून मलाही त्याबद्दलच लिहायचे आहे: तो हात कधी थरथरला नव्हता. खोटा मी होतो. माधवरावांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यातले काही शनिवार क्लबने त्यांना मानाने परत द्यावेत, हीच प्रार्थना.

एवढे लिहून पेन खाली ठेवले, तोच पुंगोलच्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात सुमनवहिनी, माधवरावांच्या पत्नी. त्या बैठकीनंतर त्यांनी आमच्या घरात पाऊल ठेवले नव्हते. एमआरटीच्या मेट्रो बदलत, पुढे एलआरटीच्या छोट्या गाडीने, एकट्या आल्या होत्या.

"हे म्हणाले, नाना ग्रंथासाठी भलतंच काहीतरी लिहीत बसले असतील, जाऊन थांबव त्यांना. काय थांबवायचं, ते विचारलं तर म्हणाले, त्यांना कळेल." वहिनींनी माझ्याकडे रोखून पाहिले. "काय हो ते?"

चपला अजून त्यांच्या पायातच आहेत. ही ओळ उभ्याउभ्याच लिहितो आहे. कागद त्यांच्या हाती देतो.